अपुऱ्या हजेरीची माणसे

इंग्लंडातील चेशायर परगण्यात कोंबरमिअर ॲबी नावाची एक प्राचीन वास्तू आहे. बाराव्या शतकात ती मठ म्हणून स्थापन झाली आणि कालांतराने एका उमराव घराण्याचे निवासस्थान बनली. १८९१ सालच्या ५ डिसेंबर रोजी दुपारी या वास्तूच्या ग्रंथालयात सिबेल कॉर्बेट नावाच्या, छायाचित्रणाची हौस असलेल्या एका बाईंनी आपला कॅमेरा मांडला, भिंगावरचे झाकण काढले आणि खोलीतील मंद उजेडाचा अदमास घेऊन सुमारे एक तासपर्यंत आतील काच प्रकाशाला उघडी ठेवली. काही महिन्यांनी ती काच धुतली गेली, तेव्हा रिकाम्या समजल्या गेलेल्या त्या खोलीत, डाव्या अंगाच्या उंच पाठीच्या खुर्चीवर, एका वृद्ध पुरुषाचे मस्तक, खांदा आणि खुर्चीच्या हातावर टेकलेला बाहू असे अंधुक व पारदर्शक रूप उमटलेले दिसले. पायांचा मात्र कोठे मागमूस नव्हता. वास्तूचे धनी, म्हणजे दुसरे लॉर्ड कोंबरमिअर, लंडनमध्ये घोडागाडीच्या अपघातात सापडून थोड्याच दिवसांपूर्वी निवर्तले होते, आणि ग्रंथालयातील काच ज्या दुपारी उघडी होती त्याच दुपारी काही मैलांवरच्या रेनबरी गावी त्यांचा दफनविधी चालू होता. हे लॉर्ड म्हणजे १८२६ च्या जानेवारीत भरतपूरचा किल्ला सर करणाऱ्या ब्रिटिश सरसेनापतीचे चिरंजीव. आणि भरतपूर म्हटले की १८०५ साली राजे रणजितसिंह व यशवंतराव होळकर यांनी ज्या तटाआडून ब्रिटिश सेनापती जनरल लेकचे लागोपाठ चार हल्ले परतवले तो तट मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहणारच.

या चित्राचा बोभाटा झाल्यावर डब्लिनचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम बॅरेट यांनी त्याची चौकशी केली. १८८२ साली मृत्यूनंतरच्या अस्तित्वाचा व तत्सम गूढ प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी जी संस्था लंडनमध्ये स्थापन झाली तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. म्हणजे असल्या गोष्टी ऐकताक्षणी झिडकारणाऱ्यांपैकी ते नव्हते. तरीही त्यांनी दिलेला खुलासा सरळ होता: त्या तासाभरात घरातील एखादा नोकर खोलीत आला असावा, खुर्चीवर थोडा वेळ टेकला असावा, बसल्या बसल्या त्याने पाय हलवले असावेत आणि मग तो उठून गेला असावा. एका माणसाला तशाच रीतीने बसवून आणि उठवून त्यांनी तशा धर्तीचे चित्र निर्माणही करून पाहिले. नोकरमंडळी अंत्ययात्रेला गेली होती, अशी हरकत यावर घेण्यात आली, आणि वाद मिटला नाही. मला मात्र खुर्चीत कोण बसले होते या प्रश्नापेक्षा त्या काचेने दिलेली साक्ष अधिक मोलाची वाटते. कारण कोणीतरी येथे होते, पण तासाचा अल्पसा अंशच होते, आणि त्या अल्प वेळातही त्याचे पाय स्थिर नव्हते, इतका तपशील ती काच पुसट रेषांत नोंदवून ठेवते आणि त्याहून एक अक्षरही अधिक बोलत नाही. छायाचित्रातील भूत हे कॅमेऱ्याने केलेले खोटे विधान आहे असे सर्वसाधारण मानले जाते. माझ्या मते ते काळाविषयीचे अत्यंत प्रामाणिक विधान असते.

या प्रामाणिकपणाचे मर्म कळण्यासाठी भिंगामागे काय घडते ते थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. काच, फिल्म किंवा आजचा संवेदक प्रकाशाला जितका काळ उघडा राहतो त्या अवधीला छायाचित्रकार एक्स्पोजर म्हणतात. सोयीसाठी त्याला येथे मुदत म्हणू. पागोळीखाली ठेवलेल्या घंगाळात थेंबाथेंबाने पाणी साठावे तसा या मुदतीत चित्राच्या प्रत्येक बिंदूवर प्रकाश साठत असतो. जी वस्तू मुदतभर जागची हलत नाही, तिचा प्रकाश एकाच ठिकाणी अखंड साठतो आणि ती ठसठशीत उमटते. जी मुदतीच्या काही भागापुरतीच तेथे असते, तिचा तेवढ्याच भागाचा प्रकाश जमेस धरला जातो, आणि उरलेल्या वेळात तिच्या मागची भिंत, कपाट अथवा जिना त्याच बिंदूंवर आपला प्रकाश टाकीत राहतो. दोहोंची बेरीज एकाच जागी झाल्यामुळे माणसाच्या छातीतून कपाटाच्या फळ्या दिसू लागतात.

हा हिशेब अंकांत मांडला म्हणजे कित्येक गूढ वाटणाऱ्या गोष्टी उलगडतात. समजा, एक काळपट भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शेकडा ५ भाग परत फेकते आणि एक शुभ्र लुगडे शेकडा ८० भाग परत फेकते. वीस सेकंदांच्या मुदतीत ते लुगडे नेसलेली स्त्री त्या भिंतीपुढे ५ सेकंद, म्हणजे पाव मुदत, उभी राहिली. तिच्या जागी लुगड्याचे २० भाग आणि भिंतीचे पावणेचार भाग मिळून जवळजवळ २४ भाग प्रकाश साठेल, आणि शेजारच्या उघड्या भिंतीच्या वाट्याला मात्र ५ भागच येतील. म्हणजे पाव हजेरीतही ती आकृती भिंतीच्या पाचपट उजळ दिसेल. आता उलट करा. काळा कोट घातलेला माणूस पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे तितकाच वेळ उभा करा, तर त्याच्या जागी सव्वाएकसष्ट भाग साठतील आणि भिंतीवर ८०. भिंतीला थोडी काजळी लागली असावी असा एक डाग तेवढा उरेल. भुताने पांढरे वस्त्र परिधान करून अंधाऱ्या जागी प्रकट व्हावे हा कथाकारांचा प्रघात प्रकाशशास्त्राच्या दृष्टीनेही इतका बिनचूक असावा याचे मला नेहमी नवल वाटते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८० नंतरच्या दशकात काळ्याकुट्ट पार्श्वभूमीपुढे पांढऱ्या वेषातील माणूस चालवून एकाच काचेवर त्याच्या चालीचे अनेक टप्पे घेतले, ते याच नियमाच्या बळावर: काळोख काचेवर काही लिहीत नाही, म्हणून पुढच्या पावलासाठी जागा कोरी राहते.

छायाचित्रणाच्या आरंभी दीर्घ मुदत ही कलावंताची निवड नव्हती, ती रसायनांची सक्ती होती. लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधील बुलेव्हार द्यू ताँपल या गजबजलेल्या रस्त्याचे जे चित्र घेतले त्यात रस्ता निर्मनुष्य दिसतो. गाड्या, घोडे, पादचारी असे सगळे त्या काही मिनिटांत इतक्या चपळाईने येऊन गेले की कोणत्याही एका ठिकाणी त्यांची नोंद होण्याइतकी हजेरी भरलीच नाही. खालच्या कोपऱ्यात एक मनुष्य तेवढा उरला, कारण तो पाय उचलून बुटांना पॉलिश करवून घेत थांबला होता. कॅमेऱ्याने टिपलेला पहिला मानव म्हणून त्याचा उल्लेख केला जातो, आणि त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. दर्शनाचा आणि लोपाचा नियम अशा रीतीने एकाच चित्रात प्रथमपासून लिहिलेला होता. या दोहोंच्या मधोमध, म्हणजे पुरते दिसणे आणि पुरते नाहीसे होणे यांच्या सीमेवर, भुतांचा प्रदेश आहे.

त्या प्रदेशाचा नकाशा उघडपणे प्रसिद्ध करण्याचे श्रेय सर डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाकडे जाते. शोभादर्शकाचा, म्हणजे कॅलिडोस्कोपचा, शोध लावणाऱ्या या गृहस्थांनी १८५६ साली स्टिरिओस्कोपवर ग्रंथ लिहिला आणि त्यात भुताचे चित्र काढण्याची कृती दिली: मंडळींना नेहमीप्रमाणे बसवावे, मुदत संपत आली की योग्य पोशाख केलेल्या स्त्रीने झटकन नेमलेल्या जागी येऊन काही सेकंद निश्चल उभे राहावे आणि तितक्याच झटकन निघून जावे. लंडनच्या स्टिरिओस्कोपिक कंपनीने लवकरच अशी चित्रे घरोघरच्या करमणुकीसाठी विकायला काढली, आणि त्यांवर ब्रूस्टर यांच्या सूचनेचा ऋणनिर्देशही केला. सर्व व्यवहार असा चोख होता.

त्यानंतर काही वर्षांतच बॉस्टनमध्ये विल्यम ममलर नावाच्या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने मृत आप्तांची चित्रे काढून देण्याचा धंदा मांडला. त्याची रीत दीर्घ मुदतीची नव्हती. आधी वापरलेल्या काचेवरील जुनी प्रतिमा आणि नवे चित्र यांचा संयोग करण्याचीच ती असावी असे जाणकारांचे मत पडले. यादवी युद्धात अमेरिकेतील घराघरातून माणसे गेली होती, आणि त्या शोकावर हा धंदा पोसला गेला. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, पण पुराव्याअभावी तो सुटला. पॅरिसचा एदुआर ब्युगे इतका सुदैवी ठरला नाही. १८७५ साली पोलिसांनी त्याच्या चित्रशाळेतून बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली मस्तके जप्त केली, त्याने कबुली दिली आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. या खटल्यातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती मस्तके न्यायाधीशांपुढे मांडलेली असतानाही काही साक्षीदार, आपल्या चित्रात दिसणारी व्यक्ती आपलीच पत्नी होती, आपलाच मुलगा होता, हे म्हणणे मागे घ्यायला तयार झाले नाहीत. ज्याने त्या माणसांना अशा अवस्थेत आणून सोडले त्याचा अपराध पैशांच्या अफरातफरीपेक्षा किती तरी मोठा होता असे मला वाटते. आणि म्हणूनच एकाच परिणामाच्या या दोन वंशावळी, ब्रूस्टर यांची आणि ममलर-ब्युगे यांची, वाचकाने कधी एक समजू नयेत.

दीर्घ मुदतीची सर्वांत हृदयद्रावक भुते मला दिसली ती भूत दाखवण्याचा कोणाचाही हेतू नसलेल्या चित्रांत. ग्लासगो शहराच्या जुन्या वस्तीतील अरुंद, कोंदट बोळ पाडून टाकण्यासाठी १८६६ साली कायदा झाला, आणि पाडकामापूर्वी त्यांची नोंद राहावी म्हणून नगरसुधारणेच्या विश्वस्तांनी टॉमस ॲनन या छायाचित्रकाराला नेमले. १८६८ ते १८७१ या काळात त्याने ओल्या कलोडियनच्या काचा वापरून हे बोळ चित्रित केले. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे आत उजेड इतका कमी की काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. दगडी भिंती, गटारे, पायऱ्या सगळे सुस्पष्ट आले. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलून धुक्यासारखे झाले. आणि कॅमेऱ्याकडे पाहत उभी राहिलेली पोरे, दारातल्या बाया, भिंतीला टेकलेली माणसे मुदतभर स्थिर न राहिल्याने अर्धीमुर्धी उमटली, कोणाचा चेहरा पुसला गेला, कोणाचे पायच तेवढे राहिले. सरकारी दप्तरासाठी काढलेल्या या चित्रांत इमारतींची नोंद पुरी झाली आणि ज्यांना त्या इमारतींतून उठवायचे होते त्यांची अपुरी राहिली.

आता ज्यांना स्वतः प्रयोग करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी कृतीकडे वळतो, आणि येथे थोडा विस्तार करण्याची मुभा घेतो, कारण ही कला पैशांपेक्षा चिकाटीने साध्य होणारी आहे. कॅमेरा भक्कम तिपाईवर बसवावा. हलका धक्काही मागची खोली दुहेरी करतो, आणि मागची खोली दुहेरी झाली की भूत व पार्श्वभूमी यांतील भेदच नष्ट होतो. परिणामाचे सारे सामर्थ्य खोली अचल आणि माणूस चंचल असण्यात आहे. म्हणून झडप बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या स्वयंचलित विलंबाने किंवा रिमोटने उघडावी, आणि हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा तिपाईवर असताना बंद करावी. जागा म्हणून जुन्या घराचे माजघर, अंधारा जिना किंवा एकाच लहान खिडकीतून उजेड येणारी खोली निवडावी, भिंत गडद असावी आणि वेळ तिन्हीसांजेची. आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/११ ठेवले तर अशा उजेडात २० ते ३० सेकंदांची मुदत सहज मिळते. प्रथम रिकाम्या खोलीचे चित्र घेऊन मुदत पक्की करावी. ते चित्र समाधानकारक आल्याशिवाय माणसाला आत बोलावूच नये.

मग पात्राचे काम. वीस सेकंदांपैकी ५ ते ८ सेकंद त्याने उभे राहावे, आणि उभे असताना श्वासही जपून घ्यावा. येण्याजाण्याच्या वाटेवर धूसर रेघा नको असतील तर त्या वेळी भिंगापुढे, भिंगाला स्पर्श न करता, काळा पुठ्ठा धरावा. काळोख काही लिहीत नाही हा मारे यांचा नियम येथे पुन्हा उपयोगी पडतो. जिन्यावरून सतत चालत उतरणारा माणूस जवळजवळ उमटतच नाही, पण तोच दर दोन-तीन पायऱ्यांवर तीन-तीन सेकंद थबकला तर एकाच जिन्यावर एकाच माणसाची अनेक रूपे उतरताना दिसतात. चेहरा ओळखू येऊ नये असे वाटले तर धड स्थिर ठेवून मान फक्त सावकाश वळवावी. पाय नाहीसे करायचे असतील तर बसून पाय हलवीत राहावे; आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात अशी समजूत आहे, कॅमेऱ्यातल्या भुताला ते बहुधा नसतातच. पात्राची सावलीही त्याच्या हजेरीच्या प्रमाणातच फिकी पडते, आणि माझ्या मते पाहणाऱ्याला खरी अस्वस्थता येते ती या फिक्या सावलीमुळे, जरी तिच्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही.

अधिक रेखीव आकृती हवी असल्यास खोली जवळजवळ काळोखी करावी आणि पात्र जागेवर असताना बाजूने एकदाच फ्लॅश मारावा. त्या निमिषार्धात चेहरा, निऱ्या, बोटे सारे कोरल्यासारखे उमटते, आणि पात्र निघून गेल्यावर उरलेल्या मुदतीत मागची भिंत त्यातून झिरपून येते. फ्लॅश समोरून मारू नये. तो भिंतीलाही उजळतो आणि आकृतीची कड भिंतीत हरवते. एक लहानसा इशारा: कित्येक कॅमेरे दीर्घ मुदतीनंतर तेवढाच वेळ झडप मिटून आणखी एक काळे चित्र घेतात व त्याच्या आधारे संवेदकाचे ठिपके पुसतात. त्या काळात यंत्र निश्चेष्ट वाटते, आणि बिघाड झाला असे समजून पुष्कळ जण ते बंद करून टाकतात.

येथे हिशेबाच्या प्रामाणिकपणाविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. फिल्म व काच यांचा जमाखर्च अगदी निर्दोष नव्हता. अतिमंद प्रकाश दीर्घकाळ पडला तर त्यांवर अपेक्षेहून कमी उमटते, हे कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून १९०० च्या सुमारास सूत्रबद्ध केले. आजच्या संवेदकात हा दोष जवळजवळ नाही, म्हणून वर मांडलेली बेरीज त्याला अधिक लागू पडते. मोबाइलची गोष्ट निराळी आहे. त्याचा रात्रीचा प्रकार एक अखंड मुदत न देता भराभर अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर जुळवतो आणि ज्यांत काही हलले आहे असे वाटते ते भाग वगळतो. म्हणजे भुतांना हुसकून लावण्यासाठीच तो योजलेला आहे. भूत हवे असेल तर ज्यात मुदत स्वतः ठरवता येते तो प्रकार निवडावा, किंवा वीस वेगळी चित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढावी: पाच चित्रांत उभा असलेला माणूस पाव वजनाने दिसेल. सरासरीऐवजी मध्यक काढला तर तोच माणूस समूळ नाहीसा होईल, कारण निम्म्याहून कमी चित्रांत असणाऱ्याची मध्यक दखलच घेत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची रोज एकेक चौकट घेऊन त्याच्या वाढीचा चित्रपट केला. त्यांनी काळ एकामागून एक मांडला, हीच चित्रे एकावर एक रचली असती तर खाली घट्ट आणि वर विरत गेलेला एक वेल दिसला असता.

कलेच्या दृष्टीने या तंत्राचा ज्यांनी जीव ओतून उपयोग केला त्यांत फ्रान्सेस्का वुडमन आणि अलेक्सेय तितारेन्को ही दोन नावे मला सर्वांत जवळची आहेत. वुडमन ही अमेरिकन मुलगी प्रॉव्हिडन्स येथे विद्यार्थिनी असताना पडक्या घरांतून स्वतःचीच चित्रे काढी. १९७५-७६ च्या सुमाराच्या त्या चित्रांत ती भिंतीच्या निघालेल्या कागदामागे वा शेकोटीच्या चौकटीआड अर्धवट विरलेली दिसते. १९८१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला, आणि तेव्हापासून लोक त्या चित्रांत तिच्या मृत्यूची पूर्वसूचना शोधीत आले आहेत. हा तिच्यावर अन्याय आहे. ती चित्रे एका अत्यंत कुशल, कष्टाळू विद्यार्थिनीने जाणूनबुजून रचलेली आहेत आणि त्यांतील प्रत्येक धूसरपणा मोजून मापून आलेला आहे.

तितारेन्को यांनी सोव्हिएत सत्ता कोसळत असताना, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सेंट पीटर्झबर्गच्या रस्त्यांवर दीर्घ मुदतीची चित्रे काढली. त्यांतील एका प्रसिद्ध चित्रात भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवरून लोंढा वाहतो आहे. माणसे धुराच्या लोटासारखी झाली आहेत, आणि कठड्याला धरलेले काही हात मात्र स्पष्ट उमटले आहेत, कारण गर्दीत पुढे सरकण्यापूर्वी ते कठड्यावर क्षणभर थांबले होते. अन्नासाठी रांगा लावणाऱ्या शहराविषयी इतके नेमके विधान मी दुसऱ्या कोणत्याही चित्रात पाहिलेले नाही. असे चित्र भर रस्त्यात, उजेडात काढता येते. त्यासाठी भिंगापुढे प्रकाश हजारपट कमी करणारा काळसर एनडी फिल्टर लावावा लागतो, म्हणजे जेथे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग पुरला असता तेथे ८ सेकंदांची मुदत मिळते, आणि तेवढ्या वेळात दादरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी धूसर व्हायला लागते. ढगाळ हवेत छिद्र आणखी लहान केले तर ती मुदत अर्ध्या मिनिटापर्यंत जाते. गर्दी विरते, आणि पुलाच्या कडेला बसलेला विक्रेता, कठड्याला रेलून गाडीची वाट पाहणारा माणूस, झोपलेले मूल एवढे पुरे उमटतात.